शेंगदाणा की करडई? चाळिशीनंतर घरचं तेल निवडताना

रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की पहिली गदा येते ती घरातल्या तेलावर. पण डबा बदलण्याआधी महिन्याचा हिशेब बघा. माणशी दिवसाला २० ते २५ मिली, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे तेल पुरतं. चौघांच्या घरात महिन्याला अडीच-तीन लिटर झालं. पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर तेल कुठलंही असो, ते जास्तच आहे.

शेंगदाणा तेलात संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) साधारण १७-१८ टक्के, सूर्यफुलात ११ च्या आसपास आणि करडईत ७ ते १०. एलडीएल वाढवतो तो हाच मेद. त्याच्या जागी असंपृक्त मेद आला की ते खाली येतं. या हिशेबात करडई सरस. पण नेहमीच्या करडईत तीन-चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल हा असंपृक्त मेद असतो, आणि दुखणं तिथेच आहे: हवा, उजेड, उष्णता लागली की तो लवकर खवट होतो. घाण्याचं करडई तेल कढईत फार लवकर धुरावतं. शेंगदाण्यात ओलिक आम्ल, हा जास्त टिकाऊ असंपृक्त मेद, जवळपास निम्मा, त्यामुळे ते तेल जास्त टिकतं.

म्हणून आमचा कौल असा: रोजच्या फोडणीला शेंगदाणा, घाण्याचं करडई तेल कच्चंच, भाकरीबरोबरच्या चटणीवर किंवा कोशिंबिरीवर चमचाभर. एलडीएल बरंच वाढलेलं असेल तर फोडणीलाही करडई घ्या, पण रिफाइंड. सूर्यफूल चालेल, मात्र करडई मिळत असताना त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. या तिन्ही तेलांत ओमेगा-३ जवळजवळ नसतं. ते जवसाच्या चटणीतून घ्या: मोठा चमचाभर (७ ग्रॅम) पुडीतून दीड ग्रॅम मिळतं. जवस कुटलेलेच हवेत. अख्खे गिळले तर न पचता तसेच बाहेर पडतात.

घाण्याचं शेंगदाणा तेल घेताना दाणे स्वतः निवडून द्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे घाण्यात गेले तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात उतरतं. रिफाइंड करताना ते निघून जातं, घाण्यावर नाही. तेल लिटरभरच आणा आणि शेगडीजवळ ठेवू नका.

तळायचंच असेल तर लहान कढईत थोडं तेल घ्या. उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको. तेल काळं, दाट झालं किंवा फेसाळू लागलं तर टाकून द्या.

तुपात संपृक्त मेद ६० टक्क्यांच्या वर. १८०० कॅलरीच्या आहारात संपृक्त मेदाची दिवसाची कमाल मर्यादा २० ग्रॅम. वरणभातावरच्या एका चमच्यातून (५ ग्रॅम) ३ ग्रॅम जातात. एवढं बसतं, पोळ्यांनाही लावलं तर बसत नाही. खोबरेलात हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कोकणातल्या स्वयंपाकात नारळाचं वाटण असलेल्या दिवशी फोडणी तरी शेंगदाण्याची असू द्या.

वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर (तेल घट्ट करताना तयार होणारा, एलडीएल वाढवणारा मेद) जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्यातला संपृक्त मेद कायम आहे. खारी, बिस्किटं घेताना पाकिटावर तोच आकडा शोधा. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ला भुलू नका, वनस्पतिज तेलात ते मुळात नसतंच म्हणा ना.

आणि एलडीएल ठीक, फक्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) वाढलेलं असेल तर तेलाआधी साखर, मैदा आणि दारू कमी करा.