भरपाई मिळवून देणारा ‘सल्लागार’

२०२१ च्या पावसाळ्यात इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात माझ्या थोरल्या बहिणीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोटात दुखणे, संध्याकाळी बारीक ताप आणि “आतले टाके भरायला वेळ लागतो” हे ठरलेले उत्तर, असे कित्येक महिने चालले. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या रुग्णालयात सी.टी. स्कॅन होऊन पुन्हा पोट उघडावे लागले, तेव्हा आतड्याला चिकटून बसलेली गॉजची, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरायच्या जाळीदार कापडाची, घडी निघाली आणि त्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर तसे स्वच्छ लिहूनही दिले. मूळ चुकीचे प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्यावर येथे अधिक लिहीत नाही. लिहायचे आहे ते त्यानंतर रामबागेतल्या आमच्या घरी आलेल्या माणसाविषयी, कारण असा माणूस इतरांच्याही घरी जात असणार.

रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानातून त्याला आमचा पत्ता मिळाला होता. स्वतःला तो ‘मेडिको-लीगल सल्लागार’ म्हणवत असे. मराठी उत्तम बोलायचा, बहिणीला पहिल्याच दिवसापासून ‘ताई’ आणि भावोजींना ‘दादा’ म्हणू लागला, आणि गणेशोत्सवातल्या चार ओळखीच्या माणसांची नावेही त्याने सहज घेतली. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना ‘आपलाच माणूस’ या एका गोष्टीवर किती भरवसा वाटतो, हे त्याला नेमके ठाऊक होते. सोबत त्याने वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले होते. कोलकात्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई दिल्याची ती बातमी होती आणि ती खरीही होती. मात्र त्या प्रकरणातील महिलेचा मृत्यू १९९८ सालचा होता, तिचे पती स्वतः डॉक्टर होते आणि भरपाईचा आकडा तिच्या अमेरिकेतील संभाव्य कमाईशी जोडलेला होता, यातले काहीच त्याने सांगितले नाही. “आपल्याला चाळीस लाख कुठेच गेले नाहीत, ताई,” एवढेच तो म्हणाला. त्यातले तीस टक्के त्याचे आणि त्याच्या वकिलाचे, असा करार ठरला.

ही टक्केवारीच खरे तर पहिली खूण होती. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही, आणि दारोदार माणसे पाठवून कामे गोळा करण्यासही बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केलेली आहे. म्हणजे वाटा मागणारा एकतर वकीलच नसतो, किंवा असला तर स्वतःचेच नियम मोडणारा असतो.

त्यानंतर पैसे हप्त्याहप्त्याने जात राहिले. आधी ‘फाइल नोंदणी’, मग मुंबईच्या तज्ज्ञाचा अभिप्राय, मग मागितलेल्या चाळीस लाखांच्या प्रमाणात ‘कोर्ट फी’. शेवटची रक्कम सर्वांत मोठी होती आणि सर्वांत खोटीही तीच होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रकरण कोणत्या आयोगापुढे जाणार आणि फी किती लागणार, हे आपण किती भरपाई मागतो यावर ठरत नाही, रुग्णालयाला प्रत्यक्ष किती मोबदला दिला यावर ठरते. ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगातच चालतात, तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो तेथेही ती दाखल करता येतात आणि वकील न देता स्वतः उभे राहण्याची मुभा आहे. आमचे शस्त्रक्रियेचे बिल पाच लाखांच्या कितीतरी आत होते. तज्ज्ञाच्या अभिप्रायाचेही तसेच. तो प्रत्येक प्रकरणात सक्तीचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. पोटात कापड राहणे ही तर निष्काळजीपणा आपणहून दाखवणारी गोष्ट. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये एका महिलेच्या पोटात टॉवेल राहून तिचा मृत्यू झाला होता, त्या खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरले. भरपाई होती ३६ हजार रुपये, आणि तीही तेहेतीस वर्षांनी. असले कात्रण सल्लागार मंडळी बरोबर ठेवत नाहीत.

पैशांहून मोठे नुकसान कागदांनी केले. त्याने डिस्चार्ज कार्डे, सी.टी.ची फिल्म, काढलेल्या गॉजचा पॅथॉलॉजी अहवाल आणि सगळी बिले मूळ प्रतींत नेली, कारण “आयोग झेरॉक्स बघतच नाही”. ही शुद्ध थाप होती. तक्रारीला प्रतीच जोडतात, मूळ कागद मागितल्यावर दाखवायचे असतात. त्याच बैठकीत वकीलपत्राबरोबर एका कोऱ्या स्टॅम्प पेपरवर ताईची सही घेतली गेली. शस्त्रक्रियेची जखम पुरती भरलेली नव्हती, ती उशीला टेकून बसली होती आणि तो पाने उलटत “इथे, आणि इथे” असे बोट ठेवत होता.

२०२३ भर त्याचे एकच वाक्य असे: “केस लग गया है, तारीख आने ही वाली है.” मराठीत सुरू झालेले बोलणे अशा वेळी तो हिंदीत का नेई, कोण जाणे. पुरावा म्हणून त्याने गोल शिक्का मारलेली एक पावती दिली होती, तीवर प्रकरणाचा क्रमांकही होता. अखेर २०२४ च्या उन्हाळ्यात मी तो क्रमांक घेऊन आयोगाच्या कचेरीत गेलो. तेथील बाबूंनी संगणकात पाहिले, मग खात्री करण्यासाठी रजिस्टर काढले आणि वही माझ्याकडे फिरवली. त्या क्रमांकापुढे एका ट्रॅक्टरच्या विम्याची तक्रार होती. ताईच्या नावाने कोणत्याही वर्षी काहीही दाखल झालेले नव्हते.

कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. गॉज सापडल्यापासून मोजले तरी ती मुदत फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली होती. उशिराला पुरेसे कारण असल्याचे पटले तर आयोग कारण नोंदवून तक्रार घेऊ शकतो, पण ते पटवण्याचे ओझे आपल्यावर येते. मुदत संपत येईपर्यंत माणसाला ‘तारीख येणार’ या आशेवर बसवून ठेवणे, हाच या धंद्याचा गाभा आहे, असे माझे मत झाले आहे.

आम्ही नवी वकील नेमली. महिलांना मोफत विधी सहाय्याचा हक्क असल्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तीही सोय झाली. विलंब माफीच्या अर्जासह तक्रार दाखल केल्यावर रुग्णालयाच्या उत्तरात जे आले त्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. ‘सर्व वाद सामोपचाराने मिटले, रक्कम पावली’ असे समझौतापत्र, आणि खाली ताईची सही. तोच कोरा स्टॅम्प पेपर. आमच्याकडून कोर्ट फी घेणारा माणूस पलीकडून तडजोडीची रक्कमही घेऊन मोकळा झाला होता. एक गोष्ट मात्र त्याच्या हातून राहून गेली. स्टॅम्प पेपर विकत घेणारा म्हणून त्यावर त्याचेच नाव आहे, आणि ताईच्या खात्यात त्या काळात एक रुपयाही जमा झालेला नाही. खात्याचा उतारा आम्ही आयोगापुढे ठेवला आहे.

पोलीस ठाण्यात त्या माणसाविरुद्ध तक्रार दिली आहे. प्रकार १ जुलै २०२४ च्या आधीचा असल्यामुळे जुन्या दंडसंहितेचे ४२० कलम त्याला लागते. कचेरीला कुलूप आहे आणि फोन बंद.

कागद पुन्हा जमवणे वाटले होते तितके अवघड गेले नाही. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधनही त्यातच आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेची तीन वर्षे भरत आलेली असताना आमचा लेखी अर्ज पोहोचला, त्याची पोच घेतली, आणि केसपेपर मिळाले. सी.टी.ची मूळ फिल्म अजून त्या माणसाकडेच आहे. स्कॅन सेंटरच्या संगणकात प्रतिमा जपलेल्या होत्या, त्यांनी नवी फिल्म काढून दिली, आणि तक्रारीसोबत तीच जोडलेली आहे.