माझ्याच नावावर बोली, आणि बिल मला

मी भाषांतराची कामं घेते, एकटीच. गूगल ॲड्समधलं काही कळत नव्हतं, म्हणून आठ महिने सगळं एका एजन्सीवर सोपवलं. कुठली बिड (एका क्लिकसाठीची बोली) वाढवायची, कुठली उतरवायची, कुठला कीवर्ड (ज्या शोधशब्दावर जाहिरात दिसते तो) बंद करायचा, हे आम्ही रोज बघतो असं ते सांगायचे. फी ठरली होती जाहिरातीवर होणाऱ्या खर्चाच्या 15 टक्के. मी चुकले ती तिथेच. खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते, तो बिड उतरवेल कशाला, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

दर महिन्याला रंगीत पीडीएफ यायची. कन्व्हर्जन (जाहिरातीवरून आलेल्या माणसाने साइटवर केलेली, मोजायची ठरवलेली कृती) वाढलेले, एका कन्व्हर्जनमागचा खर्च उतरलेला. कामं मात्र होती तेवढीच. विचारलं की ठरलेलं उत्तर: "लीड येतायत मॅडम, तुमचा फॉलो-अप कमी पडतोय." मी ते खरं मानलं आणि रात्री जागून जुन्या मेलना परत परत उत्तरं लिहीत राहिले. पैसे गेले त्यापेक्षा याचा राग मला जास्त आहे.

शेवटी हट्ट धरला तेव्हा खातं नुसतं बघण्यापुरता ॲक्सेस मिळाला. सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला. लोकांनी काय टाइप केलं आणि आपल्या जाहिरातीवर आले, ते तिथे दिसतं. कीवर्ड होता 'भाषांतर सेवा', तोही ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा. क्लिक कशावरून आले होते? 'फुकट भाषांतर ॲप', 'भाषांतरकाराला पगार किती', 'भाषांतर म्हणजे काय'. निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी बघितली तर कोरी. 'फुकट' हा एक शब्द तिथे घालायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मग कन्व्हर्जन कुठून येत होते ते शोधलं. जवळजवळ सगळे माझ्याच नावावरून! त्यांनी माझं नावच कीवर्ड म्हणून लावलं होतं. माझं नाव टाइप करणारा मलाच शोधत असतो, आणि जाहिरातीच्या खाली माझी साइट पहिलीच दिसते. तरी त्याच्या क्लिकचे पैसे मी भरले आणि वर त्यावर फी दिली. शिवाय कन्व्हर्जन म्हणून मोजलं जात होतं ते संपर्काचं पान उघडणं. चौकशीचा फॉर्म भरणं नव्हे. नाव शोधून आलेला माणूस ते पान उघडणारच. (आपल्या नावावर दुसरं कोणी जाहिरात करत असेल, तर स्वतःच्या नावावर बिड लावण्यात अर्थ असतो. खात्यातल्या ऑक्शन इनसाइट्स या रिपोर्टमध्ये ते कळतं. माझ्या नावावर दुसरं कोणीच नव्हतं.)

शेवटी चेंज हिस्टरी, म्हणजे खात्यात केलेल्या बदलांच्या नोंदी. पीडीएफमध्ये दर आठवड्याला 'बिड ऑप्टिमायझेशन' लिहिलेलं. खात्यात आठ महिन्यांत नोंदी सहा, त्यातल्या पाच बजेट वाढवल्याच्या.

बिड उतरवली की वरची जागा गेलीच, अशी भीती ते मला घालत. पण जागा नुसत्या बिडवर ठरत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हेही धरलं जातं. हे मला माहीत असतं तर त्या भीतीपोटी पाच वेळा बजेट वाढवायला हो म्हटलं नसतं.

सोडायचं म्हटलं तर खातं त्यांच्या मालकीचं. द्यायला साफ नकार. आठ महिन्यांचा सगळा डेटा त्यांच्याकडेच राहिला.

म्हणून कळकळीने सांगते, खातं आपल्या मेलवर उघडा, ॲडमिन आपण राहा, एजन्सीला त्यांच्या मॅनेजर खात्यातून (ज्यातून ते अनेक ग्राहकांची खाती सांभाळतात) जोडून घ्या. जाहिरातीचे पैसे थेट गूगलला भरा आणि एजन्सीची फी वेगळी, ठरावीक ठेवा. कन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय मोजताय, हे लेखी मागा. सर्च टर्म्स रिपोर्ट आठवड्यातून एकदा स्वतः वाचा. त्यातले शब्द वाचायला तज्ज्ञ लागत नाही.

नव्या खात्यात माझ्या नावाचा कीवर्ड लावलेलाच नाही. माझं नाव शोधून येणाऱ्यांच्या चौकश्या पूर्वीइतक्याच येतायत.