नाताळच्या भेटकथा: माझ्या पसंतीच्या तीन

दिवाळी अंकांचा गठ्ठा नोव्हेंबरअखेर हातावेगळा झाला की माझ्या वाचनाचा दुसरा हंगाम सुरू होतो तो थेट २५ डिसेंबरला. ‘यूलटाइड’ या इंटरनेटवरच्या भेटकथांच्या देवाणघेवाणीतल्या हजाराहून अधिक कथा त्या दिवशी एकदम खुल्या होतात आणि पुढचा आठवडाभर कोणती कथा कोणाची हे वाचकाला ठाऊक नसते, कारण लेखकांची नावे १ जानेवारीलाच जाहीर होतात. नावाचे वजन बाजूला ठेवून नुसता मजकूर वाचायची अशी संधी एरवी आपल्याला क्वचितच मिळते.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे आणि त्यांचे जग घेऊन वाचकांनीच हौसेने, विनामोबदला लिहिलेली कथा म्हणजे फॅन फिक्शन. यूलटाइड २००३ पासून दरवर्षी चालते आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, ज्या मूळ कृतींवर फारसे कोणी लिहीत नाही, त्याच येथे चालतात. हॅरी पॉटरला प्रवेश नाही. सहभागी होणाऱ्याने आपल्याला कशावरची कथा हवी आहे ते मागायचे आणि आपण कशावर लिहू शकतो तेही कळवायचे. मग जुळणी होऊन प्रत्येकाला गुपचूप एक वाचक नेमून दिला जातो, आणि त्याच्यासाठी किमान १००० शब्दांची पूर्ण कथा लिहावी लागते. मागणारा आपल्या अनोळखी लेखकाला उद्देशून पत्रही लिहितो. त्यातल्या आवडीनिवडी लेखकाने मानल्याच पाहिजेत असे नाही, मात्र ‘हे नको’ म्हणून जे लिहिले असेल ते कटाक्षाने पाळावे लागते. एखाद्याने ऐनवेळी अंग काढून घेतले तर त्याच्या वाट्याची कथा ‘पिंच हिटर’ म्हणजे बदली लेखक लिहून देतो, त्यामुळे कोणी रिकाम्या हाताने राहत नाही.

मी शिफारस करते त्या तिन्ही कथांची शीर्षके मुद्दाम देत नाही. ही मंडळी टोपणनावाने लिहितात, आणि त्यांना न विचारता त्यांचे लेखन बाहेरच्या चावडीवर मांडणे या वर्तुळात शिष्टसंमत मानत नाहीत. कथेला जोडलेल्या मूळ कृतीच्या नावाच्या टॅगवरून, म्हणजे खुणेवरून, कथा शोधणे अवघड नाही.

पहिली कथा महाभारतावरची, युयुत्सूची. धृतराष्ट्राला वैश्य दासीपासून झालेला हा मुलगा युद्ध सुरू होण्याच्या क्षणी पांडवांकडे गेला आणि म्हणूनच वाचला, एवढेच आपल्याला साधारण आठवते. या कथेने मात्र शल्यपर्वाच्या शेवटाकडचा एक लहानसा प्रसंग उचलला आहे: दुर्योधन डोहात लपलेला असताना युधिष्ठिराची परवानगी घेऊन युयुत्सू कौरवांच्या छावणीतल्या स्त्रियांना हस्तिनापुरात पोहोचवतो. त्या सगळ्या स्त्रिया त्याच्या भावजया आहेत, त्यांचे नवरे ज्या सैन्याने मारले त्या सैन्यात तो होता, आणि आता रथांच्या पुढे तोच चालतो आहे. लेखक त्याला रडवत नाही, भाषण करू देत नाही. वाटेत एका रथाचे चाक रुतते तेव्हा मदतीला खाली उतरलेल्या दोन स्त्रिया त्याच्या शेजारी खांदा लावतात, पण त्याच्याकडे पाहत नाहीत, आणि चाक निघाल्यावर त्याने पुढे केलेले पाणी घेत नाहीत, इतकेच दाखवतो. पुढे पांडव महाप्रस्थानाला निघताना परीक्षिताला गादीवर बसवून राज्य युयुत्सूच्या देखरेखीखाली सोपवतात, हे महाभारतातच आहे, आणि कथेच्या अखेरच्या परिच्छेदात म्हातारा युयुत्सू त्या नव्या राजाला पाणी पाजतो तेव्हा तो न घेतलेला पेला वाचकाला आपोआप आठवतो. कीर्तनात आणि आख्यानकाव्यांत आपल्याकडे उपेक्षित पात्रांना बोलते करण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. ‘धर्म’ हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवून त्याचा अर्थ सांगत न बसण्याचे भानही लेखकाने राखले आहे. एकच खटकले: विदुराशी होणारा संवाद लांबला आहे आणि त्यात जे आधीच उमगले ते पुन्हा सांगितले आहे.

दुसऱ्या कथेचा आधार पुस्तक नसून चित्र आहे. चित्रे, जाहिराती, परीकथा अशा कशावरही येथे कथा मागता येते. एडवर्ड हॉपरने १९४२ साली रंगवलेले आणि शिकागोच्या कलासंग्रहालयात असलेले ‘नाइटहॉक्स’ अनेकांनी पाहिले असेल: रात्रीचे उपाहारगृह, मोठी काच, आत तीन गिऱ्हाइके आणि पांढऱ्या गणवेशातला वाढपी. रस्त्यावरून आत जायला चित्रात दार कोठेच दिसत नाही, आणि सगळी कथा त्या न दिसणाऱ्या दारावर उभी आहे. वाढप्याला रोज रात्री गिऱ्हाइके आत बसलेली सापडतात, पण येताना कधीच दिसत नाहीत. भुताटकीकडे सहज घसरणारा हा विषय लेखकाने कॉफीच्या हिशेबात आणि काउंटर पुसण्यात घट्ट धरून ठेवला आहे. वातावरण उत्तम, शेवट थोडा घाईचा.

तिसरी सगळ्यांत लहान. हजार शब्दांहून छोट्या जादा भेटींसाठी ‘मॅडनेस’ नावाचा वेगळा संग्रह असतो. माझ्या मते खरे रत्न बहुधा तेथेच सापडते, कारण ते कोणी बंधन म्हणून लिहिलेले नसते. ही कथा एकामागून एक बायकांना मारून बंद खोलीत ठेवणाऱ्या निळ्या दाढीच्या सरदाराच्या फ्रेंच परीकथेवर आहे आणि तिचे रूप वाड्यातल्या किल्ल्यांच्या नोंदवहीचे आहे. किल्ली कोणी नेली, कधी परत केली, घासून पुसून ठेवली की नाही, एवढ्याच नोंदी. पण दर काही पानांनी नव्या बाईसाहेबांचे नाव येते आणि नोंद करणाऱ्या कारकुनाचे अक्षर तेच राहते. त्याला ठाऊक होते, हे कथा एकदाही म्हणत नाही.

या संग्रहाविषयी काही सावधगिरीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. कथा एका माणसासाठी लिहिलेली असल्यामुळे बाहेरच्याला आत शिरायला वाट न ठेवणाऱ्या कथांची संख्या बरीच आहे, आणि चहा, पांघरूण व समजूत यांवर संपणाऱ्या गोडमिट्ट कथा तर सलग दहा वाचल्या की फराळाचे ताट दूर सारावेसे वाटते. लेखन जवळजवळ सगळे इंग्रजीत आहे. कथा ज्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळावर असतात ते स्वयंसेवक चालवतात, त्यावर जाहिराती नाहीत, आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला आहे. मात्र तेथे आपल्या आवडीचे आपोआप पुढ्यात आणून ठेवणारी यंत्रणा नसल्यामुळे गाळण्या (फिल्टर) लावून स्वतः निवड करावी लागते. वयोगट आणि हिंसेविषयीचे इशारे कथेच्या माथ्यावर असतात, ते घरातल्या मुलांच्या हाती फोन देण्यापूर्वी अवश्य पाहावेत. ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात कथा उतरवून घेता येते, त्यामुळे प्रवासात नेटवर्क नसले तरी अडत नाही.

नोंदणी साधारणपणे ऑक्टोबरात होते. येत्या खेपेला मी द्यूतसभेत कौरव भावांपैकी एकट्यानेच द्रौपदीच्या बाजूने बोललेल्या विकर्णाची कथा मागणार आहे, आणि पत्रातल्या ‘हे नको’च्या रकान्यात एकच ओळ लिहून ठेवली आहे: भीमाच्या हातून त्याला मरताना दाखवू नये.