कोपनहेगन: डॅनिश युवराज कसे वाढले ते दाखवणारी पायी टूर, आमचा अनुभव

मे मध्ये आम्ही तिघं, मी, नवरा आणि आमचा १३ वर्षांचा मुलगा, कोपनहेगनला चार दिवस होतो आणि त्यातली एक सकाळ आम्ही या टूरला दिली. अडीच तासांची पायी टूर आहे, मोठ्यांना २२० क्रोनर, मुलांना निम्मे. विषय एकच, डेन्मार्कच्या गादीचा वारस लहानाचा मोठा कसा होतो. मी बुक करताना धाकधुकीतच होते कारण राजघराणं म्हटलं की मुकुट, दागिने, लग्नाचे फोटो असलंच काहीतरी असेल आणि मुलगा दहा मिनिटांत कंटाळेल असं वाटलं होतं. तसं अजिबात झालं नाही, उलट परत येताना मेट्रोत तोच बापाला सगळं समजावून सांगत होता.

सुरुवात आमालिएनबोर्गच्या अष्टकोनी चौकात, मधल्या घोड्यावरच्या पाचव्या फ्रेडरिकच्या पुतळ्याखाली होते. चारी बाजूंनी चार सारखे राजवाडे, आणि लोक मधून खुशाल सायकली चालवत जातात. आमच्या गाइड बाई साठीला आलेल्या, जन्म १९६८ चा, म्हणजे आत्ताचे राजे फ्रेडरिक यांच्याच वर्षाच्या, आणि टूरची सगळी गंमत मला वाटतं यातच आहे. त्या नुसती माहिती म्हणून दाखवत नाहीत, मी पहिलीत होते तेव्हा तो त्या खिडकीच्या आत पहिलीत होता, असं सांगतात. फ्रेडरिक १९७४ ते १९७६ शाळेत गेलेच नाहीत, क्रेब्स शाळेचं शिक्षण त्यांना राजवाड्यातच मिळालं, मग १९७६ पासून ते प्रत्यक्ष शाळेत जायला लागले. बाईंनी हे सांगितलं आणि मुलगा त्या बंद खिडक्यांकडे बघत बराच वेळ उभाच राहिला, मग मला हळूच म्हणाला, आई, मग तो मधल्या सुट्टीत कोणाशी खेळायचा गं? धाकटा भाऊ योआकिम होता बरोबर, वर्षभरानेच लहान, हे बाईंनी सांगितलं पण प्रश्न त्यांना फार आवडला, पुढे दोन ठिकाणी त्यांनी तो सगळ्यांना परत सांगितला.

तारखांची एक गोष्ट सांगते कारण ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. १४ जानेवारी १९७२ ला आजोबा, नववे फ्रेडरिक, वारले, आई मार्गरेटे राणी झाली आणि साडेतीन वर्षांचा पोरगा युवराज झाला. बरोबर ५२ वर्षांनी त्याच तारखेला, १४ जानेवारी २०२४ ला, मार्गरेटेंनी स्वतःहून गादी सोडली, डेन्मार्कमध्ये असं जवळजवळ ९०० वर्षांत झालं नव्हतं. फ्रेडरिक राजे झाले आणि त्यांचा मुलगा ख्रिस्तियन १८ व्या वर्षी युवराज झाला. आणि मार्गरेटे स्वतः? त्या तर जन्मल्या तेव्हा वारसच नव्हत्या, मुलींना हक्कच नव्हता, १९५३ मध्ये सार्वमत घेऊन कायदा बदलला तेव्हा काकांचा नंबर मागे गेला आणि या १३ वर्षांच्या मुलीचा पुढे आला. तेरा म्हटल्यावर आमच्या चिरंजीवांचे कान टवकारले.

टूरचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे फ्रेडरिक यांची पंधरा ते तीस ही वर्षं. बाईंकडे प्लास्टिकच्या कव्हरात घातलेल्या फोटोंची एक जाडजूड फाइल आहे, कोपरे झिजलेले, ती त्या पोटाशी धरूनच चालतात. वडील हेनरिक फ्रेंच, त्यामुळे मुलांना फ्रेंच घरातूनच, आणि १९८२-८३ मध्ये तर मुलाला नॉर्मंडीतल्या बोर्डिंग शाळेतच ठेवलं. मग १९८६ ला कोपनहेगनला लागून असलेल्या हेलेरुपच्या ओरेगॉर्ड जिम्नॅशियममधून बारावी म्हणू या आपण, नंतर ऑर्हूस विद्यापीठात राज्यशास्त्र, आणि त्यात मध्येच एक वर्ष हार्वर्ड. तिथे नाव लावलं होतं फ्रेडरिक हेनरिक्सन, म्हणजे हेनरिकचा मुलगा. हे ऐकून मला एकदम जवळचं वाटलं बघा, आपल्याकडे नाही का वडिलांचं नाव लावतो आपण, तसंच, राजपद वगैरे काही नाही, नुसतं अमक्याचा मुलगा. १९९५ ला पदवी घेतली, मास्टर्सपर्यंत शिकलेले ते डॅनिश राजघराण्यातले पहिलेच, प्रबंध बाल्टिक देशांच्या परराष्ट्र धोरणावर.

आणि मग पिंगो! नौदलाच्या फ्रॉगमन कोअरमध्ये, म्हणजे पाण्याखालून काम करणाऱ्या कमांडोंच्या तुकडीत, ट्रेनिंग चालू असताना एकदा त्यांच्या वेटसूटमध्ये पाणी शिरलं, सूट फुगला आणि ते पेंग्विनसारखे डुलत डुलत चालायला लागले, तेव्हापासून सोबतचे जवान त्यांना पिंगोच म्हणायला लागले. बाईंनी फाइल नवऱ्याच्या हातात दिली आणि फरसबंदीवर ती चाल करून दाखवली, दोन्ही हात अंगाला चिकटवून, पावलं बाहेर फाकवून, बाजूने जाणारे दोन सायकलवाले थांबून बघायला लागले. पण हसू ओसरल्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, जन्मापासून ज्याला सगळे पदवीनेच ओळखतात त्याला दोन नावं बाहेरच्या जगाने दिली, एक हेनरिक्सन आणि एक पिंगो, आणि मला वाटतं तो माणूस झाला तो या दोन नावांनी. मला तर हे शंभर टक्के पटलं. पुढे २००० साली ग्रीनलंडच्या उत्तरेकडून कुत्र्यांच्या स्लेजवर चार महिन्यांत २,७९५ किलोमीटर, त्याचाही नकाशा फाइलीत आहे, मुलाने त्याचा फोटो काढून घेतला. अशा थंडीत शेजारच्या माणसाला तुमचा जन्म कुठला याने काय फरक पडतो, तुम्ही कुत्र्यांना वेळेवर खायला घातलंत का एवढंच बघितलं जातं.

तिथून कोंगेन्स न्यूटॉव्ह हा मोठा चौक ओलांडून होल्मेन्स किर्के हे चर्च, इथे २४ जून १९६८ ला फ्रेडरिक यांचा बाप्तिस्मा झाला, चर्च आतून छान आहे पण आम्ही गेलो तेव्हा प्रार्थना चालू होती म्हणून बाहेरूनच. समोर कालव्यापलीकडे क्रिस्टियान्सबोर्ग राजवाडा, त्याच्या चॅपलमध्ये २००६ ला ख्रिस्तियनचा. म्हणजे बाप आणि मुलगा, दोघांचेही बाप्तिस्मे झाले ती ठिकाणं एका कालव्याच्या अल्याडपल्याड.

ख्रिस्तियनचा भाग मात्र बाईंनी घाईत उरकला आणि हीच माझी मुख्य तक्रार. खरा बदल तर तिथेच आहे ना. जो बाप राजवाड्यात बसून पहिली शिकला त्याचा मुलगा ऑगस्ट २०११ मध्ये हेलेरुपच्या ट्रानेगॉर्ड शाळेत गेला, साधी सरकारी शाळा, घराण्यात असं आधी कोणी केलंच नव्हतं. डॅनिश शाळेत शिक्षकांनाही मुलं नावानेच हाक मारतात, हे ऐकून आमचा मुलगा खुदकन हसला. पुढे नेस्टवेदजवळच्या एका जुन्या बोर्डिंग शाळेत घातलं होतं, २०२२ ला डॉक्युमेंटरीमधून तिथल्या मारहाणीच्या आणि छळाच्या गोष्टी बाहेर आल्यावर आईवडिलांनी त्याला तिथून काढलं आणि घराजवळच्या ऑर्ड्रुप जिम्नॅशियममध्ये घातलं, २०२४ ला तो तिथून पास झाला. यावर मला खूप विचारायचं होतं, कारण जगाच्या डोळ्यांसमोर मुलाची शाळा बदलणं सोपं नाही, साध्या घरात सुद्धा चार लोक चार गोष्टी बोलतात. पण तेवढ्यात वेळ संपत आला होता. त्याआधी सिडनीत २००० च्या ऑलिम्पिकच्या वेळी फ्रेडरिक आणि त्यांची बायको मेरी कसे भेटले यावर तब्बल वीस मिनिटं गेली, गोष्ट गोड आहे, नाही म्हणत नाही, पण ती कुठेही वाचायला मिळते, त्यातली दहा मिनिटं इकडे वळवली असती तर बरं झालं असतं. फेब्रुवारी २०२५ ला ख्रिस्तियन स्लागेल्सेला लष्कराच्या गार्ड हुसार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, आणि वयाच्या २१ पर्यंत सरकारी भत्ता घेणार नाही असं १८ पूर्ण व्हायच्या आधीच ठरलं होतं, एवढं सांगून टूर संपली.

बाकी छोट्या गोष्टी. माइक नाही, हेडफोन देत नाहीत, आम्ही १४ जण होतो आणि बंदराच्या बाजूला वाऱ्यात मागच्यांना निम्मं ऐकू आलं नाही, तेव्हा सरळ बाईंच्या शेजारी चिकटून चाला. मध्ये टॉयलेटची सोय नाही, आधीच जाऊन या. इंग्लिश सोपं आणि सावकाश बोलतात, मुलाला सगळं कळलं. आणि बॅच बघून घ्या. आम्ही १० ची घेतली आणि त्यामुळे आमालिएनबोर्गमधला दुपारी १२ चा गार्ड बदलण्याचा सोहळा हुकला, तेव्हा आम्ही होल्मेन्सपाशी होतो. साडेबाराची बॅच घ्या, म्हणजे आधी गार्ड बघून तिथूनच टूर सुरू करता येते.

तिकिटात म्युझियम धरलेलं नाही, पण आठव्या ख्रिस्तियनच्या राजवाड्यातलं आमालिएनबोर्ग म्युझियम आम्ही दुपारी स्वतः केलं आणि टूरनंतरच करा असं मी सांगेन. तिथे जुन्या राजांच्या अभ्यासिका जशाच्या तशा ठेवल्यात. आठव्या फ्रेडरिकच्या खोलीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. हा माणूस १८६३ ते १९०६, तब्बल ४२ वर्षं युवराजच होता, गादीवर बसला तेव्हा वय ६२ आणि राज्य केलं जेमतेम सहा वर्षं. मुलगा खोलीसमोरच्या दोरीला टेकून आत बघत होता. टेबल, खुर्ची, सगळीकडे घरच्यांचे फोटो. म्हणाला, आई, एवढी वर्षं तो रोज सकाळी उठून काय करत असेल गं? मी म्हटलं, उद्या हॉटेलवर बसून शोधू, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खरंच नाश्ता होईपर्यंत तेच शोधत बसलो होतो.

टूरला माझ्याकडून ५ पैकी ४, आणि बाईंना पूर्ण ५.