उसन्या पैशांच्या बदल्यात मिळालेला मोबाईल चोरीचा निघाला

माझा धाकटा भाऊ पुण्यात राहून पोलीस भरतीची तयारी करतो. कॉट बेसिसवर खोली, महिन्याची मेस, दिवसभर अभ्यासिका. तिथल्याच एका मित्राने त्याच्याकडून थोडे थोडे करत नऊ हजार रुपये उसने घेतले होते. परत मागितले की आज देतो, उद्या देतो. शेवटी त्याने एक चांगल्यातला मोबाईल पुढे केला. "सध्या पैसे नाहीत, हा ठेव. मावसभावाचा आहे, त्याने नवीन घेतलाय. बिल गावाला आहे, आणून देतो." खोका नव्हता, चार्जर दुसऱ्याच कंपनीचा. पण रोज शेजारी बसून जेवणाऱ्या मित्राकडे बिलासाठी कोण अडून बसतं? त्या पोराने नेमका याच विश्वासाचा फायदा घेतला, आणि याचा मला आजही संताप येतो.

काही दिवस फोन नीट चालला, मग एका सकाळी नेटवर्कच गेलं. दुरुस्तीवाल्याने *#06# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, काढला, तपासला आणि सांगितलं, "हा ब्लॉक केलेला आहे. मालकाने तक्रार दिलीय." भावाने लगेच व्हॉट्सॲपवर मित्राला विचारलं, फोन कुणाचा आहे ते खरं सांग. "मावसभावाचाच आहे, टेन्शन घेऊ नको," एवढं उत्तर आलं आणि पठ्ठ्याने मोबाईल बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी भलत्याच जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून भावाला फोन. मोबाईल घेऊन हजर व्हा.

भावाचा नंबर त्यांना मिळाला कसा, हा आमचा पहिला प्रश्न. दूरसंचार विभागाचं सीईआयआर पोर्टल 2023 पासून देशभर सुरू आहे. चोरीला गेलेल्या फोनची नोंद तिथे झाली, की पुढे त्यात कुणीही सिम घातलं तरी त्या सिमची माहिती पोलिसांपर्यंत जाते. चोर स्वतःचं सिम कशाला घालेल? सापडतो तो वापरणारा.

घरी रडारड सुरू झाली. मामा म्हणाले, "रिसेट मारून कालव्यात टाकून दे आणि हरवला म्हणून सांग." भाऊ इतका घाबरला होता की तयारही झाला. मी हातापाया पडून त्याला थांबवलं आणि तालुक्याच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, फोन टाकलात तर पुरावा नाहीसा केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल, आणि निर्दोष असल्याचं तुम्ही कितीही सांगा, कुणी ऐकणार नाही.

त्यांनी कायदा समजावला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम 411 होतं, ठाण्यातले जुने लोक अजून "चारशे अकरा"च म्हणतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागू आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा जवळ ठेवला तर 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, तो द्यायचा का हे न्यायालय ठरवतं. "मला माहीतच नव्हतं" एवढ्याने भागत नाही, कारण बिल नाही, खोका नाही, किंमत बाजारभावापेक्षा फार कमी, यावरून शंका यायला हवी होती असं सरकारी वकील म्हणू शकतात. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याकडे सापडतो, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असं गृहीत धरायची मुभाही न्यायालयाला आहे. तो आपल्याकडे कसा आला ते आपल्याला पटवून द्यावं लागतं. आणि "जवळ ठेवला" हे शब्द नीट वाचा. घेताना मन स्वच्छ असलं तरी, कळल्यावरही वापरत राहिलात तर सापडलात.

ठाण्यात तपास अधिकाऱ्यांनी भावाला तासन्‌तास तेच तेच विचारलं: केव्हा दिला, कुठे दिला, पैसे रोख की ऑनलाइन, बिल का नाही मागितलं. त्याला आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस दिली होती. 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा अशी हजर राहण्याची नोटीस मिळते, आणि ती पाळली तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून बोलावल्यावर टाळू नका. मात्र फोनवर कुणी पैसे मागितले तर देऊ नका, ठाण्यात जाऊन खात्री करा.

त्याला वाचवलं ते उसने पैसे पाठवल्याच्या यूपीआयच्या नोंदींनी आणि "बिल आणून देतो" या मित्राच्या मेसेजने. फोन जप्ती पंचनाम्यावर घेतला, पंचांच्या सह्या झाल्या, मित्राला पुढे अटक झाली आणि भावाचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला. आरोपी म्हणून नाव आलं असतं तर? भरतीत निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात दाखल गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. ग्राउंडवर पहाटे घाम गाळणाऱ्या पोराची सगळी मेहनत तिथे अडकली असती.

नऊ हजार गेल्यातच जमा आहेत. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार जो स्वतः मालक नाही तो मालकी देऊ शकत नाही, म्हणजे पैसे मोजले तरी चोरीची वस्तू मूळ मालकाचीच. आपली वसुली करायची ती देणाऱ्याकडून, दिवाणी दावा लावून. हे फोनपुरतं नाही, गाडी आणि सोन्यालाही तेच लागू. जुना मोबाईल घेताना आधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन ब्लॉक असेल तर लगेच कळतं. मालकाने अजून तक्रारच दिली नसेल तर मात्र कळणार नाही, म्हणून बिल आणि देणाऱ्याच्या सहीचा कागद हवाच, मग देणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.

खटला उभा राहिला की भावाला साक्षीचं समन्स येईल. तोवर ज्या हँडसेटमध्ये ते मूळ मेसेज आहेत तो विकायचा नाही, रिसेट करायचा नाही, असं वकिलांनी बजावलंय. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागेलच असं नाही.