नीना सिमोनचं ‘सिनरमॅन’ एलपीवर: दुसऱ्या बाजूची शेवटची दहा मिनिटं

अमेरिकन गायिका-पियानोवादक नीना सिमोनची ‘पेस्टल ब्लूज’ (फिलिप्स, 1965) ही रेकॉर्ड घ्यायची ती शेवटच्या गाण्यासाठी. ‘सिनरमॅन’ हे आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधलं जुनं भक्तिगीत. न्यायाच्या दिवशी पापी लपायला जागा शोधत पळतो; खडक त्याला आसरा देत नाही, नदी रक्ताने भरलेली, समुद्र उकळतोय. पन्नासच्या दशकात लोकसंगीतवाल्यांनी ते छोट्या गाण्याच्या साच्यात बसवलं होतं. नीनाची आई मेथडिस्ट धर्मोपदेशक होती, नीना लहानपणापासून चर्चमध्ये पियानो वाजवायची. तिने हे गाणं दहा मिनिटांच्या वर नेलं.

स्वरसंगती जवळजवळ हलतच नाही: बी मायनर, मध्ये ए मेजर, पुन्हा बी मायनर. सगळी मदार पुनरावृत्तीवर. मधला गिटारचा तुकडा जरा लांबलाय, तेवढ्यात चहाचं आधण ठेवून यायला हरकत नाही. पण त्यानंतर सगळी वाद्यं गळतात, उरतात फक्त टाळ्या आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने वाजवायची झांजांची जोडी), ते चुकवू नका. पियानो परत येतो तो कडक, बोचरा. मग ‘पॉवर’ या एका शब्दावर नीना आणि साथीदारांची सवाल-जवाबासारखी झुंज. कीर्तनात गजर रंगतो तशी. शेवटी ठेकाच सुटतो.

गोची अशी की हा सगळा ऐवज रेकॉर्डच्या सर्वांत वाईट जागी आहे. 33⅓ वेगाने फिरणाऱ्या 12 इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21-22. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे टाळ्यांच्या कडा बोथट होतात, वरच्या पट्टीत आवाज फाटतो. 180 ग्रॅमची जड रेकॉर्ड घेतली म्हणून हे टळत नाही. वजनाचा याच्याशी संबंध नाही.

उपाय सुईकडे आहे. गोल टोकाच्या सुईऐवजी निदान इलिप्टिकल (लंबगोल टोकाची), जमल्यास मायक्रोलाइन (त्याहून बारीक धारेची) घ्या. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे सुईचा कोन जुळवायच्या आखीव पट्टीवर, लावून बघा. बेअरवाल्ड या जुळवणीच्या पद्धतीत तबकडीच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटर या दोन्ही बिंदूंवर ती खाचेशी सरळ बसायला हवी; 66 वाला चुकला तर त्याची फळं नेमकी या गाण्यात भोगाल. रेकॉर्ड झिजू नये म्हणून सुईचा दाब कमी ठेवणं ही तर हमखास होणारी चूक. 2 ग्रॅम सांगितलेल्या कार्ट्रिजवर 1.5 ठेवलात तर सुई खाचेत उडते, आणि रेकॉर्ड उलट जास्त खराब होते.

एवढा खटाटोप नको असेल तर सरळ सीडी किंवा स्ट्रीमिंग. तिथे फक्त लांबी तपासा: साधारण 10 मिनिटं 20 सेकंद हवी. त्याहून बरीच कमी दिसली तर ते कापलेलं गाणं किंवा रीमिक्स समजा.