हक्कसोडपत्रासाठी घेतलेली वकिली मदत : जळगावचा अनुभव

वडिलांच्या निधनानंतर यावल तालुक्यातील केळीची शेती आणि गावातील घर यांची वारसनोंद करून घेण्यासाठी, व त्यापुढे बहिणींचे हक्कसोडपत्र (मालमत्तेतील आपला हिस्सा इतर वारसांसाठी सोडून देण्याचा नोंदणीकृत दस्त) करण्यासाठी आम्ही जळगाव येथील एका वकिलांची मदत घेतली. त्याआधी भेटलेल्या एका दस्तलेखकाने फक्त सर्वांच्या सह्या आणायला सांगितले होते. या वकिलांनी मात्र फीचा विषय काढण्यापूर्वी चालू सात-बारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) मागितले. घरासाठी आम्ही दाखवलेला ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा असून तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, हेही त्यांनी समजावले आणि जुने खरेदीखत शोधायला लावले.

त्यांची खरी पारख झाली ती बहिणींच्या बाबतीत. जमीन आजोबांकडून आलेली असल्याचे फेरफारावरून दिसताच, 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे त्यांनी आईसमोर स्पष्ट केले. सुरतला दिलेल्या ताईशी आणि धाकटीशी ते आम्हा भावांना बाहेर बसवून बोलले; हक्क सोडण्याची सक्ती नाही, नोंदणी झाल्यावर तो परत मिळवणे फार कठीण असते आणि हवे तर मसुदा दुसऱ्या वकिलांना दाखवून घ्यावा, असे त्यांनी दोघींना सांगितले. त्यानंतर ताईने शेतीतील हिस्सा ठेवला व फक्त घरावरचा हक्क सोडला. मसुदा नव्याने करावा लागला, तरी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तो मराठीत होता आणि आईला वाचून दाखवल्यावरच सह्या झाल्या. मला ही सेवा पसंत पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि स्वतःची फी त्यांनी कागदावर वेगवेगळी लिहून दिली. उणीव जाणवली ती नोंदणीनंतर. फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर महसूल खात्याच्या मंडळ अधिकाऱ्यांकडून नोंद प्रमाणित करून घेण्याचा पाठपुरावा आम्हालाच करावा लागला, आणि कार्यालयातील सहायक फोनला वेळेवर उत्तर देत नसत. त्यामुळे फीमध्ये फेरफाराचे काम धरले आहे की नाही, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे. वारसांमध्ये आधीपासून वाद असेल, तर प्रत्येक बाजूने स्वतंत्र वकील करावा. एकमत असलेल्या कुटुंबाला मी यांच्याकडे निःसंकोच पाठवीन.